एस्टीमचं मीटर: बदलाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

गाडी मारुती एस्टीम एलएक्स, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, १२९८ सीसी. पहिल्या दिवसापासून आमच्याच घरात, सातारा पासिंग. मीटरची आजची अवस्था: वेगाचा काटा चाळीसच्या खाली थरथरतो. टाकी भरली तरी पेट्रोलचा काटा तळाशीच. वरची काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली, डायलवरचे पांढरे आकडे उन्हानं पिवळे पडलेले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे किलोमीटरचा आकडा गेल्या जूनपासून ९१,३८६ वर अडकलाय.

आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा, एलएक्सला नव्हतंच, ते वरच्या व्हीएक्सला यायचं. २००७ साली एस्टीम बंद झाली, त्यामुळे नवं मीटर मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. विचार असा: भंगारातल्या व्हीएक्सचं अख्खं मीटर आणायचं, नीट उघडून-तपासून तयार करायचं आणि मगच बसवायचं.

अण्णांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "मीटर खुशाल बदल, पण वहीतला हिशोब मोडता कामा नये." ही वही १९९७ पासूनची आहे. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, आणि गाडी पुण्याला जाऊन आली असेल तर शेजारी ‘पुणे’ असा शेरा. टायमिंग बेल्ट, ऑइल, टायर, क्लच प्लेट, सगळं त्या किलोमीटरच्या आकड्याला बांधलेलं. अण्णांची अट मला शंभर टक्के पटते. मीटर बदललं म्हणून गाडीचं वय बदलत नाही. नव्या मीटरवर जो आकडा दिसेल तो याच गाडीचा, आणि शक्य तितका खरा असायला हवा. या कामात सगळ्यात जास्त वेळ मी त्यालाच देणार आहे.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. काही विकत घेण्याआधी बिघाड खरंच मीटरचा आहे का ते बघून घेतलं. हे प्रत्येकानं करावं, कारण मीटरच्या नावावर खपणारी निम्मी दुखणी मीटरमध्ये नसतातच.

आधी पेट्रोलचा काटा. मागच्या सीटखालचा टाकीचा कपलर (वायरींचा जोड) सोडला आणि मीटरकडे जाणाऱ्या पिवळ्या-तांबड्या वायरचं टोक क्षणभर अर्थला (गाडीच्या पत्र्याला) टेकवलं. चावी चालू होती. काटा सावकाश उठून थेट ‘फुल’वर गेला. म्हणजे मीटर शाबूत आहे आणि वायरही शाबूत आहे. या गाडीत टाकी भरली की फ्लोटचा (टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या मापकाचा) रोध कमी होतो, रिकामी झाली की वाढतो, म्हणून वायर अर्थ केली की काटा भरलेली टाकी दाखवतो. दोष टाकीच्या बाजूला निघाला: फ्लोटची अर्थची वायर जिथे पत्र्याला स्क्रूनं बसते तिथे हिरवट गंज साचला होता. घासला, नवा स्क्रू आणि दातेरी वॉशर लावला, वर थोडं ग्रीस. काटा लगेच पाऊण टाकीवर.

मग वेगाची केबल. गिअरबॉक्सच्या बाजूनं सोडून आतली तार बाहेर ओढली. कोरडी ठणठणीत होती आणि वरच्या टोकाजवळ बाकही आला होता. काटा थरथरण्याचं नेहमीचं कारण हेच असतं: तार आवरणात अडकते, पिळली जाते आणि मग झटक्यात सुटते. नवी केबल नाना पेठेतून मागवली. बसवण्याआधी आतल्या तारेला ग्रॅफाइट ग्रीस, तेही खालच्या दोन-तृतीयांश भागालाच. वरपर्यंत थापलं तर फिरता-फिरता ग्रीस तारेवरून चढतं आणि मीटरच्या आत शिरतं. तिथे गेलेलं तेल परत काढणं फार कठीण.

थोडक्यात, मीटरचे खरे दोष तीनच: थांबलेला किलोमीटर, तडकलेली काच, पिवळी डायल. आरपीएमची हौस ती वेगळी.

१९ जानेवारी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन आलो. मुंबईत जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधायचे तर हा रस्ता चालायलाच हवा. एस्टीमचे भाग आता कमी झालेत, पण दुपारपर्यंत एका गाळ्यात व्हीएक्सचा पुढचा अर्धा सांगाडा सापडला, मीटर जागेवर असलेला.

असं मीटर घेताना नुसतं मीटर घेऊ नये. मी गाळेवाल्याला सांगितलं, "भाऊ, मागचे कपलर वीतभर वायर ठेवून कापून द्या, आणि ठिणगीच्या कॉइलपासून मीटरकडे येणारी आरपीएमची वायर तिच्या छोट्या फिल्टरसकट हवी." त्यानं कुरकुर न करता काढून दिली. एलएक्सच्या आणि व्हीएक्सच्या कपलरचे आकार जुळतीलच असं नसतं. वायरींसह कपलर हाती असला की कुठली पिन कुठे जाते ते घरी निवांत शोधता येतं.

त्या मीटरवर आकडा होता ६७,९१४. त्याच सांगाड्यात ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र एका बाजूनं झिजून आतलं लोखंड दिसत होतं. ६८ हजारांत रबराचं असं होत नाही. त्या आकड्यावर माझा विश्वास बसला नाही. जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनी मीटरच्या आधी पेडल, स्टिअरिंगची कड आणि चालकाच्या सीटची डावी-उजवी धार बघावी. या जागा सहसा कुणी मागे फिरवत नाही.

साताऱ्यात परतल्यावर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक ओळखीचा भेटला. मीटर बघून म्हणाला, "६७ हजारच राहू दे की, उद्या विकायला काढलीस तर बरे पैसे येतील." मी सरळ नाही म्हटलं. पुढचा माणूस त्या आकड्यावर विसंबून टायमिंग बेल्ट आणखी तीस हजार किलोमीटर चालवेल, आणि तो पट्टा तुटला की गाडी घाटात मधोमध उभी राहील. किलोमीटर खोटा दाखवणं म्हणजे पैसे जास्त घेणं एवढंच नाही, तो त्या घराच्या सुरक्षेशी खेळ आहे.

२५ जानेवारी

टेबलावर स्वच्छ चादर पसरून कुर्ल्याचं मीटर उघडलं. पुढची काच कडेच्या खाचांवर अडकवलेली असते. या वयाचं प्लॅस्टिक कडक होतं, म्हणून आधी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं कडेवर दाबून धरलं आणि मग एकेक खाच उचलली. एकही तुटली नाही.

काचेवर बारीक ओरखडे होते. २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेनं, मग रबिंग कंपाउंड, मग मऊ सुती कापड. आरपार दिसायला लागली.

मागच्या बाजूला पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यावर तांब्याच्या पट्ट्यांचं सर्किट असतं. सगळे बल्ब, काटे आणि कपलर त्यावरूनच जोडलेले. एका बल्बच्या खोबणीपाशी पट्टी जळून तुटली होती. तिथे बारीक तार डाग लावून जोडली. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवायचं नाही, पडदा लगेच आक्रसतो. आधी दोन्ही टोकं खरवडून टिनिंग केलं (सोल्डरचा पातळ थर दिला), मग तार ठेवून एका स्पर्शात काम.

पूर्वीच्या मालकानं सगळे बल्ब एलईडीचे केलेले. डायलच्या उजेडाला हरकत नाही, उलट उष्णता कमी. पण बॅटरीच्या लाल दिव्याच्या जागी असलेला एलईडी मी लगेच काढला आणि साधा तारेचा बल्ब बसवला. हे सविस्तर लिहितो, कारण मीटर बदलल्यावर ‘अल्टरनेटर गेला’ म्हणून नवा घेणारे लोक मी पाहिलेत.

अशा जुन्या अल्टरनेटरला चुंबकत्व सुरू करायला आधी थोडा करंट बाहेरून लागतो, आणि तो याच लाल दिव्यातून येतो. चावी फिरवली की बॅटरीतून करंट दिव्याच्या तारेतून जाऊन अल्टरनेटरच्या आतल्या वेटोळ्यात पोहोचतो. म्हणून तो दिवा पेटतो. इंजिन फिरायला लागलं, अल्टरनेटर स्वतः वीज करायला लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो आणि दिवा विझतो. आता त्या जागी एलईडी असेल तर करंट अगदी नावापुरता जातो. अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावर होतो. मीटर काढून ठेवून गाडी चालवली तरी हेच. तेव्हा मीटर बाहेर असताना गाडी गावभर फिरवू नका, आणि त्या एका जागी तारेचाच बल्ब ठेवा.

२६ जानेवारी

तापमानाचा काटा. काटा आणि इंजिनावरचा सेन्सर यांची जोडी जुळायलाच हवी, नाहीतर इंजिन उकळत असताना काटा मध्यावर निवांत बसलेला दिसेल. मीटरमधल्या बाकी कुठल्याही चुकीपेक्षा ही चूक महाग पडते.

आमच्याच गाडीचा सेन्सर काढून पातेल्यात पाण्यात टांगला, शेजारी थर्मामीटर, खाली मंद गॅस. मल्टिमीटरवर रोध बघत गेलो: ५० अंशांना साधारण दीडशे ओहम, ८० ला पन्नाशीच्या जरा वर, आणि उकळीला तिशीच्या आसपास. साताऱ्याच्या उंचीवर पाणी शंभरच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं, हे लक्षात ठेवून शेवटचा आकडा वाचायचा.

मग त्याच किमतीचे रोधक एकेक करून नव्या मीटरच्या तापमानाच्या पिनला लावले, बारा व्होल्ट दिले आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबलो. हे काटे उष्णतेवर चालतात. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि काटा सरकतो. त्यामुळे तो हळू चालतो, आणि म्हणूनच खड्ड्यांत नाचत नाही. ५० ला काटा पहिल्या खुणेपाशी, ८० ला मध्याच्या किंचित खाली, उकळीच्या रोधाला मध्याच्या वर पण लाल पट्ट्याच्या बराच अलीकडे. जोडी जुळली. सेन्सर बदलायची गरज नाही.

१ फेब्रुवारी

आजचा दिवस वेगाच्या काट्याचा. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग.

यंत्रणा शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑटो शुल्झ या जर्मन माणसानं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. केबलच्या टोकाला एक चुंबक फिरतं. त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, चुंबकाला न टेकता. अ‍ॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत करंटचे भोवरे तयार होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेनं ओढत नेतात. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, तितका काटा पुढे. वेगाच्या काट्याला वीज लागत नाही, बॅटरी काढून ठेवली तरी तो चालतो. किलोमीटरचा आकडा मात्र या ओढीवर नाही. तो थेट दातेरी चाकांवर, केबलच्या फेऱ्या मोजून पुढे जातो. त्यामुळे काटा चुकत असला तरी किलोमीटर बरोबर असू शकतो, आणि उलटही.

जपानी मानकाप्रमाणे केबल मिनिटाला ६३७ फेरे फिरली की काट्यानं ६० दाखवायचं. म्हणजेच ६३७ फेऱ्यांचा एक किलोमीटर. तपासणीला हा एक आकडा पुरतो.

एमआयडीसीत लेथचं काम करणाऱ्या मित्राकडून फेरे मोजायचं प्रकाशाचं यंत्र आणलं. जुन्या केबलचा तुकडा वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिलमध्ये पकडला, चकवर चमकती पट्टी चिकटवली. दिशा आधी बघून घ्यायची. उलटं फिरवलं तर काटा मागच्या खुंटीवर आपटतो. ६३७ ला काटा ६१ वर. दुप्पट, १२७४ ला, १२३ वर. दोन्हीकडे थोडा पुढे, मागे कुठेच नाही. हेच हवं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय: मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इथपर्यंत चालतं. खरा वेग ८० असेल तर मीटरवर ८० ते ९२ मधलं काहीही नियमात बसतं.

स्प्रिंगला हात लावला नाही, काटाही उपसला नाही. चालतंय ते उघडायचं नाही.

किलोमीटरची चाकं ड्रिलवर वीस मिनिटं फिरवली. प्रत्येक चाक शेजारच्याला वेळेवर ढकलतंय, कुठे अर्धवट आकडा अडकत नाही. जुन्या मीटरमध्ये नेमकं काय झालं होतं तेही आज उघडून पाहिलं: प्लॅस्टिकचं एक लहान दातेरी चाक वयानं तडकून दांड्यावर मोकळं फिरत होतं.

आकडा लावण्याचं काम ड्रिलच्या तपासणीनंतरच ठेवलंय, कारण टेबलावर फिरवलेले किलोमीटरही मोजले जातात.

८ फेब्रुवारी

आज हातात फक्त वही आणि पेन.

आकडा जूनमध्ये ९१,३८६ वर थांबला. त्यानंतर गाडी चालतच होती. ते अंतर कुठेच नोंदलं गेलेलं नाही. नव्या मीटरवर ९१,३८६ लावणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मग खरं किती?

अण्णांनी मीटर बंद पडल्यावरही लिहिणं सोडलं नव्हतं. किलोमीटरच्या रकान्यात ‘बंद’ आणि पुढे लिटर. जूनपासून आजवरची बेरीज २१२ लिटर. त्याआधीच्या दोन वर्षांची सरासरी काढली तर लिटरला १३.८ किलोमीटर. गुणाकार २,९२६.

हे ठीक, पण सरासरीत गाव आणि हायवे मिसळलेले आहेत, आणि मधल्या काळात पुण्याच्या फेऱ्या जास्त झाल्या. तेव्हा वेगळं मोजायचं ठरवलं. वहीतल्या ‘पुणे’ शेऱ्यांवरून हायवेची सरासरी १५.६ निघते, साताऱ्यातली १२.४. हायवेवर गाडी किती चालली ते फास्टॅगच्या उताऱ्यात मिळालं. आनेवाडी आणि खेड शिवापूरच्या टोलच्या तारखा जुळवल्या, पुण्यातलं फिरणं धरलं आणि अंतर आलं सुमारे १,८०० किलोमीटर. त्याला पेट्रोल लागलं ११५ लिटर. उरले ९७ लिटर, ते गावातले, म्हणजे जवळपास १,२०० किलोमीटर. एकूण ३,०००.

दोन वेगवेगळ्या वाटांनी काढलेले आकडे पाऊणशे किलोमीटरच्या फरकानं एकमेकांजवळ आले. अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बेरीज स्वतः परत केली, मग म्हणाले, "तीन हजार धर. जास्त धरलेलं बरं, सर्व्हिसिंग लवकर होईल." तर आकडा ठरला: ९४,३८६.

वहीत आजच्या तारखेला पूर्ण हिशोब लिहिला, हा अंदाज आहे आणि कसा काढला हेही लिहिलं. मागच्या पानावर कुर्ल्याच्या मीटरचा ६७,९१४ सुद्धा टिपून ठेवला. तो खरा असो-नसो, तो दुसऱ्या गाडीचा आहे आणि आपण तो पुसतोय, तेव्हा त्याची नोंद राहायला हवी.

९ फेब्रुवारी

आकडा लावला. चाकांच्या दांड्याच्या टोकाची पिन काढली, चाकांमधल्या लहान दातेरी चकत्यांची पट्टी उचलली, एकेक चाक मोकळं करून ९-४-३-८-६ एका ओळीत आणलं, पट्टी परत बसवली. ओळ जराही तिरकी राहिली तर हजाराचा आकडा मध्येच लटकतो, म्हणून बोटानं पहिलं चाक दोनदा पूर्ण फिरवून परत मूळ जागी आणलं.

अमेरिकेत यासाठी कायदाच आहे. मीटर बदलल्यावर जुना आकडा कायम ठेवता आला नाही तर मीटर शून्यावर लावायचं आणि आधीचा आकडा व तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवायची. तिथे चालक डावीकडे बसतो. आपण शून्यावर लावलेलं नाही, पण चिठ्ठीची कल्पना चांगली आहे. आमच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापील चिठ्ठी लावली, वर पारदर्शक टेप: ‘मीटर बदलले ०९-०२-२०२५. जुने मीटर ९१,३८६ वर बंद. अंदाजे ३,००० किमी धरून नवे मीटर ९४,३८६ वर लावले.’ हीच चिठ्ठी मीटरच्या पाठीवरही आहे.

१५ फेब्रुवारी

वायरिंग. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडली. या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे स्टिअरिंगपाशी काम करताना ती भीती नव्हती.

कोडोलीचे वायरमन सोबतीला आले. पन्नासहून जास्त वर्षं या धंद्यात, हात लावून वायरची जाडी सांगतात. मीटरच्या कपाळपट्टीचे वरचे स्क्रू, मग मीटरचे चार, मीटर थोडं पुढे ओढायचं आणि मागून हात घालून वेगाच्या केबलची खिट्टी दाबायची. इथे घाई केली की खिट्टी तुटते.

मल्टिमीटर लावून दोन्ही कपलरच्या पिना एकेक जुळवल्या. चावीवरची बारा व्होल्टची काळी-पांढरी, अर्थची काळी, पेट्रोलची पिवळी-तांबडी, तापमानाची पिवळी-पांढरी या दोन्हीकडे एकाच रंगाच्या निघाल्या. ऑइल, हँडब्रेक, इंडिकेटर, अपर यांच्या जागा मात्र बदललेल्या. मूळ वायरिंग कापायचं नाही असं ठरलेलं होतं. म्हणून मधला जोड बनवला: एका टोकाला आमच्या गाडीच्या कपलरमध्ये बसणारी जुन्या मीटरची बाजू, दुसऱ्या टोकाला कुर्ल्याहून आणलेले कपलर. प्रत्येक जोडाला सोल्डर आणि उष्णतेनं आवळणारी नळी. उद्या कुणाला जुनं मीटर परत लावायचं असेल तर हा जोड उपसला की गाडी जशीच्या तशी.

"असं काम आता कोण करत नाही, टेप गुंडाळून मोकळे होतात," वायरमन म्हणाले, आणि नळ्या त्यांनी स्वतः लायटरवर आवळल्या.

आरपीएमची वायर एलएक्सच्या वायरिंगमध्ये नाही, ती नव्यानं ओढली: कॉइलच्या निगेटिव्हपासून फिल्टरमार्गे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या रबरी ग्रोमेटमधून आत. कॉइलच्या या टोकाला बाराच व्होल्ट असतात असं समजू नका. ठिणगी पडते त्या क्षणी तिथे तीनशे-चारशे व्होल्टचा झटका येतो. म्हणून जाड आवरणाची वायर, बाहेरून वेगळी नळी, आणि एक्झॉस्टपासून हातभर लांब.

१६ फेब्रुवारी

मीटर जागेवर. चावी फिरवली: ऑइलचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा असे तिन्ही लाल दिवे पेटले. स्टार्टर मारला, ऑइल आणि बॅटरीचे दोन्ही विझले. बॅटरीवर १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर पहिल्याच झटक्यात जागा झाला.

आरपीएमची खातरजमा त्याच प्रकाशाच्या यंत्रानं केली, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर चमकती पट्टी लावून. चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन ठिणग्या पडतात, मीटर त्या ठिणग्या मोजतं. पुलीवर ९००, काटा ९०० वर. पुलीवर ३,०००, काटा रेघभर पुढे. एसी लावल्यावर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) किती खाली येतो ते आता डोळ्यांना दिसतं. तो जरा जास्तच खाली येत होता, कार्ब्युरेटरचा आयडल-अप स्क्रू पाव फेरी फिरवून ठीक केला. आजवर हे कानानं करत होतो.

२२ फेब्रुवारी

सातारा ते कराड आणि परत, पुणे-बंगळुरू हायवेनं. शेजारी बहिणीचा मुलगा मोबाइलवर जीपीएस धरून.

"मामा, साठ!" तो ओरडला की मी मीटर वाचायचो. जीपीएस ६० ला मीटर ६३, ८० ला ८४, १०० ला १०५. काटा स्थिर, थरथर गेली. जीपीएसचा वेग सपाट सरळ रस्त्यावर, काही सेकंद एकाच गतीनं गेल्यावरच वाचायचा. वेग वाढवताना-कमी करताना तो मागे राहतो.

किलोमीटर: जीपीएसवर ५० झाले तेव्हा मीटरवर ५०.७. दीड टक्क्याच्या आत. याचा काही भाग टायरचा आहे. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल, कायद्यानं १.६ पर्यंत चालते. एवढ्या झिजेनं आमच्या १५५/८० आर १३ टायरचा घेर दोन टक्क्यांच्या वर कमी होतो आणि तेवढ्याच अंतराला चाक जास्त फेरे घेतं. पुढचे टायर आता निम्म्याहून जास्त झिजलेत. नवे टाकल्यावर ही चाचणी परत घ्यायची. टायर बदलताना आकार बदलणाऱ्यांनी तर हा हिशोब आधीच करावा, कारण मोठा टायर टाकला की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतं आणि तो फरक धोक्याच्या बाजूचा असतो.

१ मार्च

यवतेश्वरचा घाट, दुपारी, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा मध्याला टेकला, पंखा लागला, काटा खाली आला. वर पोहोचल्यावर बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या होजचं तापमान मोजलं, पातेल्यातल्या कोष्टकाशी जुळलं.

पेट्रोलचा काटा टाकी भरल्यावर ‘फुल’च्या रेघेवर. रिकामी बाजू अजून तपासायची आहे. राखीव साठ्याचा दिवा या मीटरला आहे, पण आमच्या टाकीतल्या फ्लोटला त्याची तार नाही, म्हणून तो बल्ब काढून ठेवला. न चालणारा दिवा डायलवर ठेवला तर कुणीतरी त्याच्या भरवशावर राहील.

जुन्या मीटरमधला पेट्रोलचा काटा आणि बल्बच्या खोबण्या वायरमनना दिल्या. त्यांच्याकडे कोरेगावची एक एस्टीम उभी आहे, तिला लागतील. आकड्यांची चाकं मात्र ९१,३८६ वर आहेत तशीच माझ्याकडे, वहीसोबत त्याच कपाटात. पुढे कुणी विचारलं तर दाखवता येतील.

राहिलेली कामं: डायलच्या उजेडाचा डिमर एलईडीला नीट मंद करत नाही, तिथे तारेचे बल्ब परत घालून बघणे. ९५,००० ला ऑइल आणि फिल्टर. पुढचे दोन टायर पावसाळ्याआधी, आणि त्यानंतर कराडपर्यंतची चाचणी पुन्हा.